काळ्या पावसाचा पुरावा

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. इतिहासाची पुस्तके या घटनेपाशी बहुधा मृतांचा आकडा सांगून थांबतात. शोहेइ इमामुरा यांच्या १९८९ सालच्या ‘कुरोइ आमे’, म्हणजे ‘काळा पाऊस’, या कृष्णधवल चित्रपटाचा मुख्य विषय मात्र जे जगले त्यांची पुढली वर्षे हा आहे. चित्रपटाला आधार आहे मासुजी इबुसे यांच्या त्याच नावाच्या कादंबरीचा, आणि त्या कादंबरीला एका प्रत्यक्ष दैनंदिनीचा.

कथानक साधे आहे. यासुको ही तरुणी स्फोटाच्या वेळी शहराबाहेर होती. स्फोटानंतर काजळीने काळा झालेला पाऊस तिच्या अंगावर पडला आणि पुढे काका-काकूंबरोबर ती जळत्या शहरातून चालत गेली. १९५० साली हे कुटुंब खेड्यात राहते आहे आणि काकांना एकच चिंता आहे, पोरीचे लग्न. स्थळे येतात, चौकशी होते, स्थळे परत जातात. ती निरोगी असल्याचा वैद्यकीय दाखलाही मिळवलेला असतो. पण दाखला मुद्दाम दाखवावा लागतो यातच पाहुण्यांना खोट दिसते. तेव्हा ती स्फोटाच्या वेळी शहरात नव्हती हे सिद्ध करण्यासाठी दैनंदिनीची नक्कल करण्याचे काम सुरू होते. कादंबरीत ही नक्कल करताना काकूंना प्रश्न पडतो, पावसाचा उल्लेख गाळावा काय?

या प्रश्नाचे मोल चित्रपटाबाहेरच्या इतिहासाशी ताडून पाहिल्यावर कळते, असे आम्हांस वाटते. सप्टेंबर १९४५ पासून अमेरिकी अंमलाने जपानी वृत्तपत्रांवर निर्बंध घातले आणि बॉम्बच्या परिणामांविषयी उघडपणे लिहिणे कठीण झाले. १९४७ मध्ये स्थापन झालेला अमेरिकी आयोग बाधितांची तपासणी करी, उपचार करीत नसे. जपान सरकारचा वैद्यकीय साहाय्याचा कायदा आला तो १९५७ मध्ये. म्हणजे यासुकोच्या १९५० सालात आजाराला राजमान्यता नव्हती, बदनामी मात्र होती. गावातील आजारी पुरुष तळ्याकाठी गळ टाकून बसतात तेव्हा त्यांनाही ऐतखाऊपणाचे टोमणे ऐकावे लागतात, कारण आजार बाहेरून दिसत नाही.

कायदा आल्यावर पुराव्याची दिशा उलटली. यासुकोला पाऊस लपवावा लागला होता. आता पाऊस अंगावर पडला होता हे सिद्ध करणे आले. सरकारने १९७६ मध्ये सुमारे १९ किलोमीटर लांब व ११ किलोमीटर रुंद असा ‘जोरदार पावसाचा’ पट्टा आखून त्यातील लोकांना मोफत आरोग्य-तपासणी दिली. पट्ट्याबाहेर, पण त्याच पावसात भिजलेल्यांना काहीच मिळाले नाही. अखेर ८४ फिर्यादींच्या बाजूने हिरोशिमा उच्च न्यायालयाने १४ जुलै २०२१ रोजी निकाल दिला. दूषित पाणी आणि भाजीपाला यांतून शरीरात गेलेला किरणोत्सर्गही न्यायालयाने विचारात घेतला. सरकारने पुढे अपील केले नाही. तोवर ७६ वर्षे गेली होती आणि पाऊस पाहिलेली मुले म्हातारी झाली होती.

चित्रपटाच्या अखेरीकडे कोरियात अणुबॉम्ब वापरण्याचा विचार चालू असल्याची बातमी रेडिओवर येते. काका ती ऐकतात. एव्हाना काकू गेलेल्या असतात आणि यासुकोचे केसही गळू लागलेले असतात. तिला रुग्णालयात नेले जाते तेव्हा काका डोंगरांकडे पाहत मनाशी म्हणतात की, रंगीत इंद्रधनुष्य उमटले तर ती बरी होईल.

युद्ध कोणत्या दिवशी संपले हे इतिहासकार सहज सांगतो. आपल्यावर युद्ध झाले होते हे सिद्ध करण्याचे ओझे ज्यांच्यावर पडले, त्यांच्यासाठी ते कोणत्या दिवशी संपले, हेही विचारणे हे इतिहासाचेच काम आहे, असे आम्ही मानतो.