धर्मशिक्षण : शाळेतले आणि वसतिगृहातले

आपल्या समाजाच्या शैक्षणिक इतिहासात शाळेपेक्षा वसतिगृहाला, म्हणजे त्या काळच्या ‘बोर्डिंग’ला, अधिक महत्त्व का आले, हा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडला असेल. त्याचे एक कारण इंग्रजी राजवटीच्या धोरणात आहे. १८५४ च्या वूडच्या खलित्याने सरकारी विद्यालयांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील असे ठरविले. साहजिकच, धर्मसंस्कारांची सोय ज्या त्या समाजाने शाळेबाहेर करावयाची, अशी विभागणी झाली.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली आणि १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. विद्यार्थ्याने शाळेत इंग्रजी, गणित शिकावे आणि वसतिगृहात धर्माचे पाठ व आचार आत्मसात करावेत, अशी ही योजना. खेड्यापाड्यांतील शेतकरी कुटुंबांतील मुलांची शिक्षणाची वाट तिने मोकळी केली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु याच वसतिगृहाशी निगडित एक प्रसंग आपण सहसा लिहीत नाही. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील तेथे राहून राजाराम हायस्कुलात शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. नियम आचाराचा होता, नकार विचाराचा. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात तर सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली.

योगायोग असा की, याच कुंभोजजवळील बाहुबली डोंगराच्या पायथ्याशी समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. कारंजा येथील आश्रम तत्पूर्वी, १९१८ चा. तेथे गुरुकुलपद्धतीने लौकिक व धार्मिक शिक्षण एकाच छत्राखाली आले. हा मार्ग वेगळा, आणि त्याचेही मोल मोठे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ ने पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई केली; शासनमान्य वा अनुदानित संस्थांत ते सक्तीचे करता येत नाही, अज्ञान विद्यार्थ्यासाठी पालकांची संमती लागते. म्हणजे धर्मशिक्षणाचा भार पुन्हा घरावर, वसतिगृहावर आणि पाठशाळेवर आला. आपल्या पाठशाळांतून अहिंसा व अनेकांत शिकविताना कर्मवीरांचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्यांना बोर्डिंग का सोडावे लागले, हे मात्र किती शिक्षक मुलांना सांगतात?