रोमची मांजरे आणि करुणेची कसोटी

रोम शहराचा इतिहास सम्राटांनी, हुतात्म्यांनी आणि पोप महोदयांनी घडविला, असे आपण मानतो आणि ते खरेच आहे. मात्र याच शहरात आणखी एक इतिहास निमूटपणे घडत आला आहे. तो आहे भटक्या मांजरांचा आणि त्यांना जगविणाऱ्या सामान्य माणसांचा. प्राचीन मंदिरांच्या पडक्या खांबांवर ऊन खात पसरलेली मांजरे हे रोमच्या यात्रेकरूला दिसणारे नेहमीचे दृश्य. त्याची छायाचित्रे पुष्कळ निघतात. त्यामागे किती जणांचे कष्ट आहेत, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. माणसे उपाशी असताना मांजरांना दूध पाजणे याला सेवा म्हणावे काय, असा प्रश्न कुणीही विचारील. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. परंतु उत्तराकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू.

धर्मग्रंथ, मठ आणि मांजर

पवित्र शास्त्रात सिंह आहे, मेंढरू आहे, गाढव आहे, चिमणीही आहे. मांजर मात्र जवळजवळ नाहीच. तिचा एकमेव उल्लेख येतो तो बारूखच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे यिर्मयाच्या पत्रात. तोही मूर्तींवर निर्धास्तपणे बसणाऱ्या पाखरांच्या जोडीने ओझरता आलेला आहे. हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये असल्याने मांजराला शास्त्रात जी काही जागा मिळाली, ती आपल्या बायबलमध्ये मिळाली, एवढेच म्हणायचे.

ज्या इजिप्तमध्ये बास्तेत या देवतेच्या रूपाने मांजर पूजले गेले, तेथील देवतांची उपासना पुढे रोममध्येही पोहोचली. इसिस देवीच्या रोममधील मंदिराच्या अवशेषांतून मिळालेली संगमरवरी मांजर आजही एका जुन्या वाड्याच्या कोपऱ्यावर बसलेली दिसते. तिच्यावरून त्या गल्लीला ‘व्हिया देल्ला गात्ता’, म्हणजे ‘मांजरीची गल्ली’, असे नाव पडले.

मध्ययुगीन ख्रिस्तसभा मांजरांची वैरीण होती, असा एक समज आज सर्रास पसरलेला आहे. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३३ साली ‘व्हॉक्स इन रामा’ या पत्रात जर्मनीतील एका कथित पाखंडी पंथाच्या विधीचे वर्णन केले. त्या वर्णनात एक काळे मांजर येते, हे खरे. तथापि त्या पत्रात मांजरे मारण्याची आज्ञा नाही. त्या पत्रामुळे युरोपातील मांजरे नष्ट झाली व म्हणून शंभरेक वर्षांनी प्लेगची काळी साथ आली, या लोकप्रिय कथेला पुरावा नाही. उलट तेराव्या शतकातील इंग्लंडात एकांतवासी व्रतस्थ स्त्रियांसाठी लिहिलेल्या नियमावलीत कोणताही प्राणी पाळू नये असे सांगून मांजराचा तेवढा अपवाद केलेला आहे. एक्सिटरच्या कॅथेड्रलच्या जमाखर्चात १३०५ ते १४६७ या काळात मांजरासाठी आठवड्याला एक पेनी असा खर्च मांडलेला सापडतो. मंदिरातील उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्या सेवकाचे ते वेतनच होय.

याचा अर्थ ख्रिस्ती युरोपने मांजरांना छळले नाही, असा मात्र नव्हे. बेल्जियममधील ईपर या गावी घंटाघराच्या मनोऱ्यावरून जिवंत मांजरे खाली फेकण्याची प्रथा १८१७ पर्यंत चालू होती. आज तेथे उत्सवात कापडी मांजरे फेकतात. खोटा आरोप जसा नाकारला पाहिजे, तसे खरे पापही कबूल केले पाहिजे.

रोममध्ये पोप महोदयांच्या निवासापर्यंतही मांजरे पोहोचली. पोप बारावे लिओ यांचे ‘मिचेत्तो’ नावाचे मांजर १८२९ साली त्यांच्या निधनानंतर फ्रान्सचे तत्कालीन राजदूत व थोर लेखक शातोब्रियां यांच्याकडे गेले. आपल्या काळातील पोप सोळावे बेनेडिक्ट यांचे मांजरांवरील प्रेम तर सर्वश्रुत होते.

तोर्रे अर्जेंतिना

रोमच्या मध्यभागी ‘लार्गो दी तोर्रे अर्जेंतिना’ नावाचा चौक आहे. हे नाव दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशावरून पडलेले नाही. पोप महोदयांच्या दरबारातील विधिप्रमुख योहान बुर्कार्ड हे स्ट्रासबर्गचे. त्या नगराचे लॅटिन नाव ‘आर्जेंतोरातुम’. त्यांच्या वाड्याच्या मनोऱ्याला त्यावरून ‘तोर्रे अर्जेंतिना’ हे नाव मिळाले व तेच पुढे चौकाला चिकटले.

१९२६ ते १९२९ या काळात येथील जुनी वस्ती पाडून उत्खनन झाले. त्यात रोमन प्रजासत्ताकाच्या काळातील चार मंदिरांचे अवशेष उजेडात आले. त्यांपैकी एका मंदिरात मध्ययुगात उभारलेले संत निकोलसचे चर्चही या खोदकामात पाडले गेले. ज्या सभागृहात इसवी सनापूर्वी ४४ साली जूलियस सीझरचा खून झाला, त्या पाँपीच्या सभागृहाचा काही भागही येथेच आहे. रस्त्याच्या पातळीहून कित्येक फूट खोल असलेल्या या मैदानात माणसांची वर्दळ नव्हती. साहजिकच भटक्या मांजरांनी तेथे आसरा घेतला.

मांजरांमागोमाग आल्या त्यांना खाऊ घालणाऱ्या स्त्रिया. इटालियन भाषेत त्यांना ‘गत्तारे’ म्हणतात. वर्तमानपत्राच्या कागदात उरलेला पास्ता बांधून ठरलेल्या वेळी येणारी वयस्क बाई हे रोमच्या जीवनातील एक ओळखीचे पात्र. लोक त्यांना वेड्या समजत, हसत. त्यांत प्रख्यात अभिनेत्री आन्ना मान्यानी (मृत्यू १९७३) यांचाही समावेश होता. चौकाला लागूनच असलेल्या नाट्यगृहात काम करीत असताना त्या या मांजरांना खाऊ घालीत.

१९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात लिया देक्वेल आणि सिल्व्हिया व्हिव्हियानी या दोन स्त्रियांनी हे काम हाती घेतले व त्याला संस्थेचे रूप दिले. रस्त्याखालच्या एका दमट, बुटक्या पोकळीत त्यांचा कारभार सुरू झाला. इटलीतील प्राण्यांसाठी झटणाऱ्या एका इंग्रज संस्थेने त्यांना साहाय्य केले आणि इतर संस्था निधी कसा उभारतात, हेही दाखवून दिले. पर्यटकांना थांबवून माहिती देणे, देणग्या स्वीकारणे, लहानसे दुकान चालविणे, दूरदेशीच्या माणसाने एखाद्या आंधळ्या वा लंगड्या मांजराचा खर्च उचलून त्याला ‘दूरदत्तक’ घेणे, अशा मार्गांनी संस्था उभी राहिली. देशोदेशीचे स्वयंसेवक तेथे येऊन घाण काढतात, औषधे पाजतात, भांडी घासतात. या कामात गौरव थोडा आणि दुर्गंधी फार, हे सांगायला नकोच.

नुसती दया पुरेशी नाही

येथे एक महत्त्वाचा मुद्दा येतो. जुन्या गत्तारे प्रेमळ होत्या, पण त्यांच्या प्रेमाने दुःख कमी झाले नाही. भाटी सुमारे नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोन-तीन वेळा विते आणि एका वेताला चारेक पिल्ले होतात. खाऊ घालावे तितकी पिल्ले वाढतात. मग रोग, उपासमार, मोटारीखाली चिरडणे आणि शेवटी विष हे ठरलेलेच. विचाराविना केलेली दया अशी उलटते.

यावरचा उपाय इंग्लंड, डेन्मार्क आदी देशांतील कार्यकर्त्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केला. मांजर पिंजऱ्यात धरावे, पशुवैद्याकडून त्याचे निर्बीजीकरण करावे आणि बरे झाल्यावर ते जेथून आणले तेथेच सोडावे. ऐकायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात आदल्या दिवशी खाणे बंद करावे लागते, पिंजऱ्यापासून दूर तासन्‌तास गप्प बसावे लागते, मांजर अडकताच पिंजऱ्यावर कापड टाकावे लागते. नाही तर ते जीव खाऊन धडका मारते. माणसाळण्याचे वय पिल्लाच्या पहिल्या दोन महिन्यांचे. त्या वयातील पिल्लांना घर मिळू शकते. मोठे झालेले रानटी मांजर मात्र बहुधा माणसाळत नाही. म्हणून त्याला कुणाच्या घरी कोंडण्यापेक्षा त्याच्या ओळखीच्या जागी सोडणे हेच दयेचे ठरते. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाचे टोक किंचित कापतात.

इटलीने १४ ऑगस्ट १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्याने या विचाराला मान्यता दिली. मोकाट राहणाऱ्या मांजरांचा छळ करण्यास बंदी झाली. सरकारी पशुवैद्यकांनी त्यांचे निर्बीजीकरण करून त्यांना त्यांच्या कळपात परत सोडावे, ती गंभीर आजारी वा असाध्य रोगाने ग्रस्त असतील तरच त्यांना मरण द्यावे आणि प्राणिरक्षक संस्थांना त्यांची देखभाल करता यावी, अशी तरतूद झाली. काल जिला वेडी म्हणत, तिच्या कामाला आज कायद्याचा आधार मिळाला. पुढे २००१ साली रोमच्या नगरपालिकेने प्राचीन अवशेषांतील मांजरांना शहराच्या वारशाचा भाग मानले.

तरीही संघर्ष टळला नाही. २०१२ साली पुरातत्त्व खात्याने संस्थेची जागा बेकायदा ठरवून ती रिकामी करण्यास सांगितले. खात्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अवशेषांलगत विनापरवाना बांधकाम असू नये, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. दुसरीकडे, वर्षानुवर्षे जे काम शासनाने करायचे ते संस्थेने केले, हेही खरे होते. हजारो लोकांनी सह्या केल्या, शहराच्या महापौरांनीही मांजरांची बाजू घेतली आणि संस्था तेथेच राहिली. २०२३ साली हा परिसर पर्यटकांसाठी फिरण्यास खुला झाला, तेव्हाही मांजरे होती तेथेच होती.

श्रद्धेची बाजू

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने २४१६ ते २४१८ या परिच्छेदांत याचा विचार केलेला आहे. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांना आपण ममतेने वागविले पाहिजे आणि त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे हा ग्रंथ शिकवितो. त्याच दमात तो असेही बजावतो की, जो पैसा प्राधान्याने माणसाच्या दुःखनिवारणासाठी खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अनुचित आहे. या दोन वाक्यांपैकी एक उचलून दुसरे विसरण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. श्रीमंताच्या पाळीव मांजरासाठी रेशमी गादी आणि दाराशी उपाशी लाजरस, हे चित्र शुभवर्तमानाला मान्य होणार नाही. परंतु लाजरसाचे नाव पुढे करून ना लाजरसाला घास द्यायचा, ना मांजराला, ही पळवाटही मान्य होणार नाही.

या कोड्याचे उत्तर तर्कापेक्षा संतचरित्रात स्पष्ट दिसते. पेरू देशातील लिमा येथील संत मार्टिन दे पोरेस (१५७९–१६३९) हे एका मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीचे पुत्र. वर्णामुळे त्यांच्या वाट्याला पुष्कळ अवहेलना आली. डॉमिनिकन मठात त्यांनी झाडू मारला, आजाऱ्यांच्या जखमा धुतल्या, भुकेल्यांना जेवू घातले. त्याच हातांनी त्यांनी कुत्र्यामांजरांचीही शुश्रूषा केली. एकाच थाळीतून खाणारे कुत्रा, मांजर आणि उंदीर यांच्यासह त्यांचे चित्र काढण्याची प्रथा आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६२ साली त्यांना संतपद बहाल केले. मार्टिनच्या दयेत माणूस आणि मुका जीव यांच्यात वाटणीचे भांडण नव्हते. ज्याची करुणा एकाकडे आटते, तिची धार दुसरीकडे वाढते, असे अनुभवास येत नाही.

आपल्याकडेही ही परंपरा परकी नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालण्यासाठी मुंबईत १८७४ साली संस्था निघाली आणि १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम देशात २००१ साली आले. मात्र मासळी बाजारात, चर्चच्या आवारात, इमारतींच्या जिन्याखाली वाढणारी मांजरे अद्याप बहुतेक ठिकाणी कुणा एकट्या बाईच्या दयेवरच जगतात आणि शेजाऱ्यांची बोलणी ती बाई खाते.

रोमच्या इतिहासाने आपल्याला दोन गोष्टी शिकविल्या आहेत. खाऊ घालणाऱ्या एकट्या हाताला संघटनेची, पशुवैद्याची आणि कायद्याची जोड मिळाली, तरच दया फलद्रूप होते. आणि समाज ज्यांना वेडे म्हणून हसतो, त्यांच्या चिकाटीतून पुष्कळदा समाजाचा विवेक जागा होतो. कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीही पित्याच्या नजरेआड नसते, असे प्रभू येशूने आपल्याला शिकविले. मग जिन्याखाली व्यालेली भाटी तरी त्याच्या नजरेआड कशी असेल? आपल्या धर्मग्रामातील दोन-चार तरुणांनी एखाद्या जाणत्या संस्थेशी संपर्क साधून त्या एकट्या बाईच्या बाजूला उभे राहण्याचे ठरविले, तरी एका मोठ्या कामाची सुरुवात होईल.