ड्रायव्हरचा शाफ्ट व त्याचे फिटिंग

ड्रायव्हरचा शाफ्ट : गोल्फमध्ये टी-वरून सर्वांत लांबचा फटका मारण्यासाठी जो क्लब वापरतात, त्या ड्रायव्हरचा दांडा. त्याच्या वरच्या टोकावर ग्रिप आणि खालच्या टोकाला हेड असते. खेळाडूची शरीरयष्टी, स्विंगचा वेग आणि लय यांना जुळणारा शाफ्ट मोजमाप करून निवडण्याच्या प्रक्रियेस शाफ्ट फिटिंग म्हणतात. शाफ्टवर छापलेल्या कडकपणाच्या अक्षरावरून तो आपल्याला जुळेल की नाही ते कळत नाही. चेंडूचे उड्डाण मोजले की कळते. हेच फिटिंगचे मूळ सूत्र होय.

कार्य : आजच्या ड्रायव्हरचे हेड सुमारे २०० ग्रॅम, तर ग्रॅफाइट शाफ्ट बहुधा ४० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो. क्लब वरून खाली येण्यास जेमतेम पाव सेकंद लागतो. या वेळात शाफ्ट आधी मागे वाकतो, कारण हात निघाले तरी हेड मागे रेंगाळते. चेंडूजवळ येताना चित्र पालटते. हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षरेषेवर नसतो. वेगाने फिरणाऱ्या हेडची बाहेरची ओढ सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतकी असते आणि तिच्यामुळे गुरुत्वमध्य अक्षरेषेत येऊ पाहतो. परिणामी शाफ्ट पुढे झुकतो व फेसचा, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठाचा, प्रत्यक्ष लॉफ्ट (मागे कललेला कोन) वाढतो. शाफ्ट खालीही झुकतो व हेडचा टो, म्हणजे खेळाडूपासून दूरचे टोक, जमिनीकडे कलतो.

चेंडू फेसवर जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी १९६८ मध्ये ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या ग्रंथात ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. एवढ्या अल्प वेळात हातांचा जोर शाफ्टमधून चेंडूपर्यंत पोहोचत नाही आणि आघाताच्या क्षणी हेड जणू सुटे असल्यासारखे वागते, असे त्यातून दिसले. म्हणजे चेंडूला ‘ढकलणे’ हे शाफ्टचे काम नव्हे. हेड कोणत्या वेगाने, कोणत्या कोनात आणि फेसच्या कोणत्या बिंदूवर चेंडूला भेटेल, यावर त्याचा प्रभाव पडतो. साशो मॅकेन्झी आणि एरिक स्प्रिगिंग्ज यांच्या २००९ मधील गणिती प्रतिमानातही शाफ्टच्या कडकपणाचा हेडच्या वेगावर अल्प, तर हेडच्या कोनावर अधिक परिणाम दिसून आला.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून येणारे हिकरीचे लाकूड शाफ्टसाठी सर्वमान्य झाले. लाकडाचे दोन दांडे कधीच तंतोतंत सारखे नसत. स्कॉटलंडमधील क्लब बनवणारे कारागीर रंधा मारून, वाकवून पाहून गिऱ्हाइकाच्या हाताजोगा दांडा तयार करीत. त्या अर्थाने फिटिंग हीच जुनी रीत होती.

आर्थर नाइट यांनी १९१० मध्ये पोलादी शाफ्टचे पेटंट घेतले. अमेरिकेच्या यूएसजीए या संघटनेने १९२४ मध्ये आणि सेंट अँड्रूजच्या आर अँड ए या संस्थेने १९२९ मध्ये पोलादाला मान्यता दिली. १९३१ मध्ये बिली बर्क यांनी पोलादी शाफ्टने यूएस ओपन जिंकली. असे करणारे ते पहिले विजेते. पोलादामुळे एकसारखे शाफ्ट मोठ्या संख्येने निघू लागले, किंमत उतरली, दांडे टिकाऊ झाले. कारागिराच्या अंदाजाची जागा मात्र कडकपणाच्या अक्षरांनी घेतली.

फ्रँक थॉमस यांनी १९६९ च्या सुमारास शेक्सपियर कंपनीत ग्रॅफाइटचा शाफ्ट विकसित केला. सुरुवातीचे हे शाफ्ट महाग होते आणि फार पिळवटत. त्यामुळे नामवंत खेळाडू दीर्घकाळ पोलादाला चिकटून राहिले. १९९७ च्या मास्टर्स स्पर्धेत बारा फटक्यांनी जिंकलेल्या टायगर वुड्स यांच्या ड्रायव्हरलाही पोलादी शाफ्ट होता. त्यानंतर हलकेपणामुळे ड्रायव्हरमध्ये ग्रॅफाइट सार्वत्रिक झाले. फुजिकुरा, मित्सुबिशी आणि ग्राफाइट डिझाइन या जपानी कंपन्या या क्षेत्रात अग्रेसर आहेत.

गुणधर्म : ग्रॅफाइट शाफ्ट घडवताना रेझिनमध्ये भिजवलेल्या कार्बन तंतूंचे पापुद्रे निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळून भट्टीत भाजतात. लांबीच्या दिशेचे तंतू वाकण्यास विरोध करतात, तर ४५ अंशांत तिरके बसवलेले तंतू पिळाला. यामुळे पुढील गुण बऱ्याच अंशी वेगवेगळे ठरवता येतात.

(१) वजन : हाताला सर्वांत आधी जाणवणारा आणि लयीवर सर्वाधिक परिणाम करणारा गुण. फार हलक्या शाफ्टने काहींची घाई होते. फार जड शाफ्टने अठराव्या होलपर्यंत दमणूक होते.

(२) फ्लेक्स : कडकपणा. एल, ए, आर, एस आणि एक्स ही अक्षरे चढत्या कडकपणाने वापरतात. मात्र त्यांचे सर्वमान्य प्रमाण अस्तित्वात नाही. एका कंपनीचा ‘एस’ दुसरीच्या ‘आर’इतका मऊ असू शकतो. म्हणून फिटर, म्हणजे फिटिंग करणारे तज्ज्ञ, वरचे टोक शिकंज्यात पकडून शाफ्टची दर मिनिटाची कंपने मोजतात.

(३) टॉर्क : ठरावीक पिळाला शाफ्ट किती अंश फिरतो, ते माप. आकडा जितका लहान, तितका शाफ्ट पिळाला घट्ट.

(४) कडकपणाची विभागणी : हाताकडचा, मधला आणि टोकाचा भाग यांपैकी कोणता मऊ, हे यातून कळते. टोक मऊ असल्यास चेंडू सहसा किंचित उंच व जास्त बॅकस्पिन (उलटी फिरकी) घेऊन निघतो.

(५) लांबी आणि स्विंगवेट : लांब क्लबने वेग वाढू शकतो, पण फेसच्या मध्यावर चेंडू घेणे अवघड होते. स्विंगवेट म्हणजे फिरवताना हेड किती जड वाटते, त्याचे माप. क्रिकेटपटू बॅट उचलून तिचा पिकअप पाहतात, ती जाणीव याच जातीची. पुरुषांच्या ड्रायव्हरमध्ये स्विंगवेट बहुधा डी-२ च्या आसपास असते.

फिटिंगची पद्धत : खेळाडूने अंग मोकळे केल्यावर आधी त्याच्याच जुन्या ड्रायव्हरने मारलेल्या फटक्यांची नोंद करतात, तुलनेचा पाया तोच. नोंदीसाठी रडार किंवा वेगवान कॅमेऱ्यांवर चालणारा लाँच मॉनिटर वापरतात. डेन्मार्कमध्ये २००३ मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमन कंपनीच्या रडार यंत्रामुळे ही पद्धत व्यावसायिक खेळात रुळली. हेडचा व चेंडूचा वेग, उड्डाणकोन, बॅकस्पिन, हेडची चेंडूकडे येण्याची दिशा आणि फटक्यांचा फैलाव हे त्यातील मुख्य आकडे. फेसवर पावडर फवारून आघाताची जागाही पाहतात.

त्यानंतर हेड आणि लॉफ्ट ठरतो. मग शाफ्टचे वजन, लांबी आणि फ्लेक्स या क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट बदलून प्रत्येक जोडीने काही चेंडू मारून घेतात. हेड व शाफ्ट जोडणाऱ्या अडॅप्टरच्या साहाय्याने शाफ्ट क्षणात बदलता येतो. हेडचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर ‘आर’ आणि ९५ ते १०५ मैल असेल तर ‘एस’ ही ढोबळ सुरुवात असते, निर्णय नव्हे. समान वेगाच्या दोघांपैकी एक वरून झटक्यात निघतो, दुसरा सावकाश वेग घेतो. पहिल्याला अनेकदा अधिक जड व कडक शाफ्ट मानवतो.

वेगापेक्षा जुळणी महत्त्वाची, हे ट्रॅकमनने प्रसिद्ध केलेल्या सरासरींवरून स्पष्ट होते. पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील पुरुषांच्या हेडचा वेग ताशी सुमारे ११३ मैल आणि चेंडूचा उड्डाणकोन सुमारे ११ अंश होता. स्त्रियांच्या एलपीजीए टूरवरील खेळाडूंचा वेग सुमारे ९४ मैल, म्हणजे अनेक हौशी पुरुषांइतकाच होता. पण त्या चेंडूला वर येत्या हेडने भेटत, सुमारे १३ अंशांत उडवत आणि हवेतूनच २१८ यार्डांपर्यंत पोहोचवत.

निवड करताना एखादा अपवादात्मक लांब फटका बाजूला ठेवून फैलाव पाहावा लागतो. दहा यार्ड जास्त देणारा, पण चेंडू कधी डावीकडे तर कधी उजवीकडच्या झाडीत धाडणारा शाफ्ट योग्य नव्हे. निवडलेला शाफ्ट बसवताना किती व कोणत्या टोकाने कापला, यावरही त्याचा स्वभाव बदलतो. टोकाकडून कापल्यास तो कडक होतो. म्हणून तयार क्लबची लांबी, स्विंगवेट आणि कंपने पुन्हा तपासणे हा फिटिंगचाच भाग आहे.

नियम : नियमांनुसार शाफ्ट सरळ असावा आणि सर्व दिशांना सारखाच वाकावा. पटर वगळता क्लबची कमाल लांबी ४८ इंच आहे. १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धांना ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा मिळाली आणि प्रमुख व्यावसायिक टूरनी ही नवी मर्यादा स्वीकारली. त्यामुळे ४८ इंची ड्रायव्हर वापरणाऱ्या कॅनडाच्या ब्रुक हेंडरसन यांना क्लब बदलावा लागला. अडॅप्टरने लॉफ्ट बदलता येत असला, तरी फेरी सुरू असताना तो बदलण्यास मनाई आहे.

मर्यादा : शाफ्ट सदोष स्विंगचा इलाज नाही. हेडचा लॉफ्ट बदलल्याने उड्डाणात जितका फरक पडतो, त्यापेक्षा शाफ्टने पडणारा फरक बहुधा लहान असतो. थकव्यानेही आकडे फसवतात, म्हणून लांबलेले फिटिंग दुसऱ्या दिवशी पूर्ण करणे श्रेयस्कर. वय, दुखापत किंवा शिकवणीमुळे स्विंग बदलला, की पूर्वी जुळलेला शाफ्ट परका होऊ शकतो. अशा वेळी पुन्हा मोजणी करावी लागते. महागडा शाफ्ट आपोआप जुळतोच असे नाही. हिकरीचा दांडा वाकवून पाहणारा कारागीर खेळाडूचा हात पाहून जे ठरवीत असे, तेच आजचा फिटर आकडे पाहून ठरवतो. दोघांच्याही कामात आधी खेळाडू येतो, मग दांडा.