आधी गणित, मग दिवा

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न मी आयुष्यात फार वेळा विचारला. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी पस्तीस वर्षे गेली, आणि शिक्षकाला हा प्रश्न विचारणे सोपे असते. उत्तराची जबाबदारी दुसऱ्यावर असते. एकदा एक बुद्धिमान विद्यार्थी निव्वळ सैद्धान्तिक गणिताचा विषय घेऊन माझ्याकडे आला. मी त्याच्या टिपणाच्या समासात हाच प्रश्न लिहिला आणि कागद परत केला. त्याने तो विषय सोडला. पुढे शास्त्रही सोडले. आजही भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मलाच ओशाळल्यासारखे होते. सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासातले एक प्रकरण अलीकडे वाचत असताना तो समास पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रकरणाची सुरुवात होते जर्मनीतल्या गटिंगेन या विद्यापीठाच्या गावी. मारिया गेपर्ट ही तिथल्या एका बालरोगतज्ज्ञ प्राध्यापकाची एकुलती एक मुलगी. माक्स बोर्न यांच्या हाताखाली तिने १९३० साली आपला प्रबंध पुरा केला, तेव्हा तिने पंचविशीही गाठली नव्हती. प्रबंधाचा विषय वरवर पाहता अगदीच व्यवहाराबाहेरचा. प्रकाश हा सुट्या कणांनी येतो, आणि रेणू तो एकेक कण गिळून उत्तेजित होतो, एवढे तोवर ठाऊक होते. रेणूला जागे करायला एक रुपया लागतो असे समजा. रुपयाचे नाणे आले तर काम होते. आठ आण्यांचे आले तर रेणू त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मारियाने विचारले, आठ आण्यांची दोन नाणी एकाच क्षणी हातावर पडली तर? तिचे गणित सांगत होते की रेणू ती दोन्ही मिळून रुपया म्हणून स्वीकारील. हा निबंध १९३१ साली छापून आला.

गणित बरोबर होते. पण पडताळायचे कसे? असा योग किती दुर्मिळ, याचा एक अंदाज पुढे शास्त्रज्ञांनीच दिला आहे. लख्ख उन्हात ठेवलेला रंगद्रव्याचा एक चांगला रेणू साधारण सेकंदाला एक प्रकाशकण गिळतो; दोन कण एकदम गिळण्याचा योग त्याच उन्हात सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा यायचा! सूर्य जिथे अपुरा पडतो, तिथे प्रयोगशाळेतल्या दिव्याची काय कथा? निबंध कपाटात गेला.

मारियाबाईही गटिंगेन सोडून गेल्या. जोसेफ मायर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाशी विवाह करून त्या बाल्टिमोरला आल्या. नवरा जिथे प्राध्यापक तिथे बायकोला नेमायचे नाही, असा विद्यापीठांचा रिवाज. तेव्हा पूर्ण पगाराची प्राध्यापकी त्यांना मिळाली ती १९६० साली, कॅलिफोर्नियात. १९६३ साली नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता, पण तो अणुगर्भाच्या रचनेवरील कामासाठी. तरुणपणीच्या त्या प्रबंधाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

दरम्यान आणखी एक कल्पना दिव्यावाचून अडली होती. १९५५च्या सुमारास हार्वर्डमधला मार्विन मिन्स्की हा तरुण मेंदूतल्या पेशींचे जाळे पाहण्याच्या ध्यासाने झपाटला होता. मेंदूचा जाडसर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वरच्या, खालच्या, बाजूच्या सगळ्या पेशींचा उजेड एकत्र येतो आणि चित्राचा राडा होतो. मिन्स्कीने युक्ती काढली: प्रकाश एका वेळी एकाच बिंदूवर टाकायचा, आणि परत येणाऱ्या उजेडाच्या वाटेत सुईच्या अग्राएवढे छिद्र ठेवून फक्त त्याच बिंदूचा उजेड आत घ्यायचा. असे बिंदू-बिंदू जोडून चित्र काढायचे. १९५७ साली त्याने पेटंटासाठी अर्जही केला. परंतु छिद्रातून येणारा उजेड इतका क्षीण, आणि त्याचा झिर्कोनियमचा दिवा इतका तोकडा, की या यंत्राकडे फारसे कोणी वळले नाही. मिन्स्की पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक आद्य प्रवर्तक म्हणून गाजला.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. “हे प्रश्न शोधत हिंडणारे उत्तर आहे,” अशी थट्टा त्यांच्याच सहकाऱ्याने केली. वास्तविक प्रश्न आधीपासून दाराशी तिष्ठत होते. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, बेल प्रयोगशाळेत कायझर आणि गॅरेट यांनी लेसरचा लाल किरण युरोपियम मिसळलेल्या एका स्फटिकात सोडला, आणि बाहेर निळा उजेड आला. लाल कणांपेक्षा निळा कण अधिक शक्तीचा. म्हणजे दोन अधेल्यांचा रुपया झाला होता! तीस वर्षांनी गणित खरे ठरले.

मिन्स्कीच्या छिद्रालाही लेसर मिळाला. १९८७ साली केंब्रिजमध्ये व्हाइट, एमस आणि फोर्डहॅम यांनी दाखवून दिले की लेसरने रंगवलेल्या पेशींची थरामागून थर स्वच्छ चित्रे घेता येतात. पण त्यात एक उणीव राहिली. बिंदू एकच पाहायचा असला तरी किरण वरपासून खालपर्यंत सारी पेशी भाजून काढीत जाई. रंग विटे, आणि जिवंत पेशी मरे.

इथे गटिंगेनचा निबंध कपाटातून बाहेर आला. १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी लेसरचे क्षणार्धाचे ठोके वापरले. एकेक ठोका म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचाही दहावा हिस्सा. एवढ्याशा वेळात सारा प्रकाश ठासल्यामुळे किरण जिथे एकवटतो त्या टिंबावरच दोन कणांची गाठ पडते. त्याच्या वरखाली रेणू झोपलेलेच राहतात, विटत नाहीत. शिवाय अधेली म्हणजे लाल किंवा त्याहूनही पलीकडचा प्रकाश. बॅटरीवर तळहात धरला की लालच उजेड आरपार दिसतो, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तसा हा प्रकाशही शरीरात खोल शिरतो. १९९७ साली या रीतीने जिवंत उंदराच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांवरचे व्यवहार पाहिले गेले. २००२पासून तर त्याच फांद्यांवरचे काटे आठवडेच्या आठवडे उगवताना आणि मावळताना नोंदले जाऊ लागले. माणसाच्या मेंदूत असे सहज डोकावता येत नाही, कवटी आड येते. तरी शिकताना मेंदू कसा बदलतो, या प्रश्नाला आता डोळ्यांचा पुरावा मिळू लागला आहे. मिन्स्कीला हवे होते ते हेच दृश्य.

मारियाबाई १९७२ साली वारल्या. त्यांनी यातले काही पाहिले नाही. दोन कण एकदम गिळण्याची रेणूची क्षमता आज ज्या एककात मोजतात, त्याला मात्र त्यांचेच नाव आहे. १९३१ साली त्या निबंधाच्या समासात कोणी “उपयोग?” असे लिहिले असते, तर खुद्द लेखिकेलाही काय उत्तर देता आले असते?

त्या विद्यार्थ्याला यंदा दिवाळीच्या फराळाला बोलावले आहे. तो जुना कागद त्याने जपून ठेवला आहे की नाही, कोण जाणे. असेलच, तर समासातली ती ओळ मला माझ्या हाताने खोडायची आहे.