व्हिनेगरचा बोळा

पातळ असिटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमध्येच, भिजवलेला कापसाचा बोळा गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो; पेशी बिघडू लागल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. कर्करोग होण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

ही युक्ती जर्मनीतल्या डॉक्टर हान्स हिन्सेलमानची. 1925 मध्ये त्याने कॉल्पोस्कोप हे भिंग बनवलं. चिकट स्राव पुसायला आम्ल वापरताना त्याला हे डाग दिसले. पण याच माणसाला रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल युद्धानंतर शिक्षा झाली, आणि ऑश्विट्झमध्ये कैदी स्त्रियांवर कॉल्पोस्कोपीचे प्रयोग झाले. या तपासणीचा इतिहास सांगताना हे गाळता येत नाही.

पुढे अमेरिकेत पापानिकोलाऊची पॅप चाचणी रुजली, म्हणजे पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. तिला प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतो, आणि अहवालासाठी बाईला पुन्हा यावं लागतं. मजुरी बुडवून किती जणी येणार?

म्हणून बोळा परत आला. 1998 पासून टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांना ही तपासणी शिकवली. अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रिया; त्यांतल्या साधारण निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी. 2013 मध्ये निष्कर्ष आला: तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. तुलनेच्या गटाला मात्र नुसती माहितीच मिळाली. त्यावर झालेली टीका मला रास्त वाटते.

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या अभ्यासाचा कौल वेगळा पडला. तिथे हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बोळ्याने म्हणावा तसा फरक पडला नाही. डाग ओळखणं शेवटी बघणारीच्या नजरेवर असतं.

या कर्करोगामागच्या एचपीव्हीचा माग विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेनने 1983 मध्ये लावला होता. त्यावरची लस आता पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. 2022 मध्ये तिला परवानगी मिळाली. ती मुलींना नऊ ते चौदा या वयात दिली तर सर्वांत गुणकारी. त्यांच्या आयांना मात्र तपासणीच हवी, आणि ती तिशीनंतर करून घ्यायलाच हवी. एचपीव्ही आढळला तरी पेशी तिथल्या तिथे जाळून उपचार करता येतील का, हे ठरवायला अनेक ठिकाणी अजूनही आधी तोच बोळा लावतात.