खेळण्यातल्या विजेची गोष्ट

इतिहास म्हटला की आपल्यासमोर तलवारी, तह आणि सनावळ्या येतात. शाळेत मी जन्मभर तोच शिकवला, आणि मुलांनीही तो निमूटपणे पाठ केला. आज मात्र जरा वेगळाच इतिहास सांगणार आहे. रेडिओच्या रिमोटवर पळणाऱ्या विजेच्या छोट्या मोटारी, त्यांच्या पोटातल्या बॅटऱ्या, वेग सांभाळणारी डबी आणि चार्जर यांचा.

या वयात आजीला हे काय सुचलं, असं आमच्या नातेवाईकांना नक्की वाटेल. कारण साधं आहे. पुण्यातल्या नातवाला या मोटारींचा नाद आहे आणि त्याच्या आईला त्या बॅटऱ्यांची धास्ती आहे. धास्ती खरी किती आणि उगाचची किती, हे कळायला मला मागे मागे जावं लागलं. मी मराठी माध्यमातली बी.ए., विज्ञान माझा विषय नव्हे. पण एखादी वस्तू अशी का आहे हे विचारलं की उत्तर बहुतेक वेळा इतिहासातच सापडतं.

रेडिओवर चालणारी मोटार दुकानात आणणाऱ्या पहिल्या कंपन्यांत १९६६ सालची एक इटालियन कंपनी होती, आणि तिची गाडी होती फेरारी. पण हा छंद घरोघर नेला तो जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामियांनी. मूळचा धंदा लाकूड कापायच्या गिरणीचा, १९४६ पासूनचा. मग लाकडी मॉडेलं आणि १९६० पासून प्लॅस्टिकची. १९७६ साली त्यांनी पोर्शे ९३४ ही रेडिओ-मोटार आणली, खऱ्या गाडीच्या एक बारांश मापाची. ते मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून शुन्साकु तामियांनी खरी पोर्शे विकत घेऊन चक्क सुटी करून पाहिली होती! (हे गृहस्थ २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत गेले.) त्या काळी मोठ्या शर्यतीच्या मॉडेल मोटारी इंधनाच्या इंजिनावर चालत. आवाज, धूर, तेलाचे डाग. विजेची गाडी त्यामानाने गरीब गाय.

तिच्या पोटात असायची निकेल-कॅडमियमची बॅटरी. हा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांचा, १८९९ चा. एका सेलचा दाब १.२ व्होल्ट, असे सहा सेल जोडले की ७.२ व्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बॅटरीची क्षमता १२०० मिलिअँपिअर-तास. आता थोडं गणित करू या. आठ मिनिटांच्या शर्यतीत ही बॅटरी संपवायची तर सरासरी ९ अँपिअरचा प्रवाह काढावा लागतो. आपल्या घरातला छोटा प्लग असतो ६ अँपिअरचा! दाब कमी म्हणून शॉक बसत नाही, पण तारा तापवायला तेवढा प्रवाह पुरतो. निकेल-कॅडमियम निवडण्याचं कारण हेच. ती एका दमात भरपूर प्रवाह देते आणि हाल सोसते.

मग एवढ्या प्रवाहाला आवर कसा घालायचा? सुरुवातीचा उपाय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जुन्या पंख्याचा तो भिंतीवरचा काळा, बोजड रेग्युलेटर आठवतो का? पंखा एकवर ठेवला की तो गरम व्हायचा, कारण पंख्याला नको असलेली वीज तो उष्णता करून उधळायचा. या मोटारींतही तेच. एक छोटी मोटर पट्टी सरकवायची, पट्टी वेगवेगळ्या रोधांवर टेकायची आणि गाडीला हळू, मध्यम, जोरात असे दोन-तीन वेग मिळायचे. हळू चालवताना रोध चटका बसेल इतका तापे. म्हणजे सावकाश जाण्याची किंमतही बॅटरीच मोजायची. मला ही गोष्ट फार विचित्र वाटली.

खरी क्रांती इथे झाली. कॅलिफोर्नियात १९७८ साली सुरू झालेल्या नोव्हाकसारख्या कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर आणले. त्यात प्रवाह अडवायचाच नाही. तो पूर्ण चालू करायचा, पूर्ण बंद करायचा, आणि हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. निम्मा वेळ चालू ठेवला की मोटरला वाटतं निम्मीच वीज आली. काम करणारा भाग म्हणजे मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर. बंद असताना त्यातून प्रवाह नाही, चालू असताना रोध जवळजवळ नाही, म्हणून वाया जाते ती थोडीच. नातवाने मला हे दिव्याच्या बटणावर चट्चट् करून दाखवलं. बल्ब गेला, पण मुद्दा कळला.

चार्जरची गोष्ट याहून रंगतदार. तेव्हा मैदानावर खऱ्या मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून पंधरा-वीस मिनिटांत चार्जिंग व्हायचं. सोबत घड्याळाची एक चकती. पण घड्याळाला काय कळणार पोट भरलं की नाही? म्हणून जाणकार बॅटरीला हात लावून बसत, ऊब आली की काढत. तापलेल्या दुधावर नजर ठेवावी तसं. पुढे कंपन्यांनी या सेलचा एक स्वभाव पकडला. भरत आला की त्याचा दाब चढतो, आणि पूर्ण भरल्यावर किंचित उतरतो, कारण जास्तीची वीज आता उष्णता होऊ लागते. हा उतार ओळखून थांबणारे चार्जर आले आणि तळहाताची ती विद्या मागे पडली.

एक उदास बाजू सांगायला हवी. कॅडमियम हे विष. जपानमध्येच, तोयामा भागात, खाणीतलं कॅडमियम जिन्झू नदीवाटे भातशेतीत उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. त्या दुखण्याचं नावच इताई-इताई, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. जपान सरकारने ते प्रदूषणाचं दुखणं म्हणून मान्य केलं १९६८ साली. ते बॅटरीमुळे झालं नव्हतं, हे खरं. पण त्यानंतर आठ वर्षांनी त्याच देशातून निघालेल्या खेळण्यात त्याच धातूची बॅटरी असावी, हे मनातून जात नाही. युरोपीय संघाने घरगुती वापराच्या बहुतेक वस्तूंत कॅडमियमच्या बॅटऱ्यांवर २००६ च्या कायद्याने बंधन आणलं. छंदवाले तोवर निकेल-मेटल-हायड्राइडकडे वळलेच होते. त्याच आकारात ३००० च्या पुढची क्षमता मिळत होती, मग कोण थांबतो?

त्यानंतर लिथियम. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली, तिच्यामागच्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. लिथियमच्या एका सेलचा दाब ३.७, दोघांचा ७.४. जुन्या ७.२ च्या किती जवळ! म्हणून ती जुन्याच गाड्यांत, जुन्याच खाचेत बसली. वीज मात्र कुठल्या कुठे. जुनी बॅटरी साडेआठ वॉट-तासांची, आजची ५००० ची सदतीस वॉट-तासांची. जोडीला ब्रश नसलेल्या मोटरी आल्या. त्यांना तीन तारा, आणि प्रवाह कोणत्या क्षणी कोणत्या तारेत सोडायचा हे कंट्रोलरने ठरवायचं. अशाच एका विजेच्या मॉडेल मोटारीने २०१४ साली अमेरिकेत ताशी ३२५ किलोमीटरचा विक्रम केला. गरीब गाय म्हणे!

पण लिथियमला हाल सोसत नाहीत. सेल ४.२ व्होल्टच्या वर भरला तर धोका, साधारण ३ च्या खाली गेला तर तो खराब होतो. आणि पूर्ण भरल्यावर त्याचा दाब उतरत नाही. जुना चार्जर त्या उताराची वाट पाहत वीज ढकलतच राहतो, शेवटी सेल फुगून पेट घेतो. सुनेची धास्ती खरी आहे ती एवढ्यापुरती. योग्य चार्जर आधी दाब ठरावीक मर्यादेपर्यंत नेतो, मग तिथेच धरून प्रवाह कमी करत जातो, आणि दोन्ही सेल सारखे भरतात की नाही हे एका बारीक वेगळ्या वायरने पाहतो. नातवाकडे तो चार्जर आहे. चार्जिंग तो पत्र्याच्या डब्यात, बाल्कनीत, स्वतः समोर बसून करतो. डब्याचं झाकण घट्ट लावत नाही, वायू कोंडू नये म्हणून. हे मी तिला सविस्तर सांगितलं. आता ती बाल्कनीत वाळत घातलेले कपडे तेवढे आधी काढून घेते.

खालची ३ व्होल्टची मर्यादा सांभाळायचं काम आलं कंट्रोलरकडे. दाब उतरला की तोच मोटर थांबवतो. जुन्या, रोधाच्या कंट्रोलरला ही अक्कल नाही. तो शेवटच्या थेंबापर्यंत बॅटरी पिळतो, कारण निकेलच्या सेलला ते चालायचं.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या गोतावळ्यात ऐंशीच्या दशकात कुणा काकांनी अमेरिकेहून किंवा आखातातून आणलेल्या अशा गाड्या माळ्यावर पडून आहेत. मुलं त्या खाली काढतील, ७.२ आणि ७.४ जवळजवळ सारखंच म्हणतील आणि नवी लिथियम बॅटरी आत बसवतील. बसेलही ती. तसं करू देऊ नका. जुन्या गाडीला निकेल-मेटल-हायड्राइडच द्या आणि चार्जरही तिचाच घ्या. आणि माळ्यावरच्या गाडीत जुना कॅडमियमचा पॅक सापडला तर तो ओल्या कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. ई-कचरा गोळा करतात तिथे नेऊन द्या.