कूस उजवण्याची कसोटी

बर्लिनच्या संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधील एक वैद्यकीय पपायरस आहे. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या त्या लेखात एक घरगुती कसोटी सांगितली आहे. स्त्रीने गव्हाचे आणि सातूचे दाणे रोज स्वतःच्या मूत्राने भिजवावेत. दाणे उगवले तर ती प्रसवेल, न उगवले तर प्रसवणार नाही. १९६३ साली इजिप्तमधील संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा गर्भवती स्त्रियांच्या सुमारे ७० टक्के नमुन्यांत दाण्यांना अंकुर फुटले. मुलगा की मुलगी हे ओळखण्याचा त्या लेखातील दावा मात्र फोल ठरला.

या कसोटीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दाणे भिजवायचे ते स्त्रीने; पुरुषाची परीक्षा नाही. पुढे हजारो वर्षे हाच प्रघात राहिला. महाराष्ट्रातही नवस-सायास, उपास आणि औदुंबराच्या प्रदक्षिणा तिच्याच वाट्याला आल्या; डोहाळजेवणात ओटी भरताना डावलली गेली तीही तीच. १६७७ साली हॉलंडमध्ये लेवेनहूकने सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले, तरी घराघरांतील हा न्याय बदलला नाही.

स्त्रीच्या शरीराचे कालमान उमगू लागले ते विसाव्या शतकात. १९२४ साली जपानमधील क्यूसाकू ओगिनो यांनी दाखवून दिले, की स्त्रीबीज पुढील पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी सुटते. म्हणजे दिवस मोजायचे ते मागच्या पाळीपासून नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून उलटे. याच सुमारास रोज पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी तापमान नोंदवण्याची पद्धतही विकसित झाली. परंतु स्त्रीबीज सुटल्यानंतरच तापमान किंचित चढते. म्हणून ही नोंद संधी येऊन गेल्याचे सांगते, येणार असल्याचे नव्हे.

ती उणीव भरून निघण्यास वेगळे साधन हवे होते. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची रीत शोधली. तिच्या आधारे १९८० नंतरच्या दशकात घरी वापरण्याच्या चाचण्या बाजारात आल्या. मूत्रात ल्यूटिनायझिंग संप्रेरकाची लाट आली की पट्टीवरची रेघ गडद होते आणि साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज सुटण्याची अपेक्षा असते. मात्र ही पट्टी लाटेची वर्दी देते. बीज खरोखरच सुटले की नाही, हे ती सांगू शकत नाही. बीजकोशांच्या काही विकारांत हे संप्रेरक सतत चढलेले असते, तेव्हा ती फसवतेही.

एकविसाव्या शतकात पुरुषांसाठीही घरगुती चाचण्या निघाल्या. त्यांपैकी बहुतेक शुक्रजंतूंची केवळ संख्या तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती संख्या पारखण्यासाठी दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही खालची संदर्भमर्यादा दिली. पण शुक्रजंतूंची हालचाल आणि आकार यांची पूर्ण पारख प्रयोगशाळेतच होते. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो, असे आज वैद्यकाला ठाऊक आहे.

तेव्हा घरची पट्टी हे केवळ साधन होय, निवाडा नव्हे. वर्षभर प्रयत्न करूनही, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून वैद्याकडे जावे हे उत्तम. पुरुषाची तपासणी तर सर्वांत सोपी, तीत शस्त्रक्रिया नाही की वेदना नाही. तरीही अनेक घरांत ती शेवटी होते. ती आरंभीच झाली, तर कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षांच्या औषधोपचारांतून आणि त्याहून जिव्हारी लागणाऱ्या बोलांतून सुटतील.